मस्जिद स्टेशनला ज्यूंच्या ‘मशिदी’चं नाव देऊन गेलेला सामाजी दिवेकर, आणि देवाचं ते नाव जे कुणीच उच्चारत नाही

सोनिवलीहून रिक्षा पकडायची, बदलापूर स्टेशन गाठायचं आणि सीएसएमटीची फास्ट लोकल पकडायची. हा हजारो लोकांचा रोजचा कार्यक्रम. भायखळा गेलं की गाडीतले लोक उठायला लागतात. सँडहर्स्ट रोड आणि मस्जिद ही दोन स्टेशनं खिडकीतून नुसती मागे पडतात, कारण फास्ट गाडी तिथे थांबतच नाही.

मस्जिद स्टेशनचं नाव वाचून कुणालाही वाटेल की जवळपास मोठी मशीद असणार. मशिदी त्या भागात आहेतही. पण स्टेशनच्या नावामागे सांगितली जाणारी मशीद मुसलमानांची नाही. ती ज्यूंची आहे.

कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल समाजातले लोक, आपल्या प्रार्थनाघराला मशीद म्हणायचे. मांडवी भागात सॅम्युअल स्ट्रीटवर त्यांचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग उभं आहे. समाजात त्याला ‘जुनी मशीद’ म्हणतात. हिब्रूतलं नाव ‘शार हारहामीम’. अर्थ, दयेचं दार.

ते बांधणारा माणूस मराठी बोलणारा होता, कंपनी सरकारच्या फौजेत होता आणि टिपू सुलतानाच्या कैदेतून जिवंत परत आला होता. त्याचं नाव सामाजी हसाजी दिवेकर. इंग्रजांच्या कागदावर सॅम्युअल इझिकिएल दिवेकर.

त्याची गोष्ट समजून घ्यायची तर आधी आणखी एका नावाची गोष्ट समजून घ्यावी लागते. ते नाव देवाचं आहे. चार अक्षरांचं आहे. आणि जगातला कुठलाही धार्मिक ज्यू ते तोंडाने उच्चारत नाही.

सगळं विसरलेल्या लोकांना एक ओळ आठवत होती

बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची लेकरं. समाजाची परंपरा सांगते की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. जे बुडाले त्यांना नवगावलाच पुरलं. ती जागा समाज आजही पवित्र मानतो.

जहाजाबरोबर धर्मग्रंथ गेले. पुढे भाषाही गेली. वाचलेले लोक आसपासच्या गावांत राहिले, तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले. शनिवारी मात्र ते घाणा बंद ठेवायचे. का, ते शेजाऱ्यांना कळत नसे. म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनवार तेली.

नावंही मराठी वळणाची झाली. सॅम्युअलचा सामाजी झाला, इझिकिएलचा हसाजी, आयझॅकचा इसाजी, अब्राहमचा अबाजी. आडनावं गावांवरून पडली. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, राजपुरीचे राजपूरकर, तसे दिवेकर.

मग ज्यू म्हणून त्यांच्याकडे उरलं काय होतं? मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता. शनिवारची सुट्टी. खवले आणि पर असलेलेच मासे खायचे, बाकीचे नाही. काही सण, तेही मराठी नावांचे. आणि हिब्रूतली एक प्रार्थना.

त्या प्रार्थनेचं नाव ‘शमा’. तिची पहिली ओळ फक्त सहा शब्दांची. इस्राएलला हाक मारून ती एवढंच सांगते की आपला देव एक आहे. या समाजाला पुढे भेटलेल्या लोकांनी लिहून ठेवलंय की बारसं असो, लग्न असो वा मयत, प्रत्येक वेळी ते हीच ओळ म्हणायचे. दुसरी प्रार्थना येतच नव्हती.

ही एक ओळ एवढी महत्त्वाची का? कारण त्या सहा शब्दांत देवाचं ते चार अक्षरी नाव दोनदा येतं.

चार अक्षरं, ज्यांचा उच्चार हरवला

हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. त्यातली ती चार अक्षरं म्हणजे योद, हे, वाव, हे. असण्याचा, अस्तित्वाचा अर्थ देणाऱ्या धातूशी या नावाचं नातं जोडतात. ज्यूंच्या बायबलमध्ये हे नाव सुमारे ६ हजार ८०० वेळा येतं.

जुन्या हिब्रूत फक्त व्यंजनं लिहायचे. स्वर वाचणाऱ्याने घालायचे. त्यामुळे ज्या शब्दाचा उच्चार लोक थांबवतात, त्याचे स्वर हळूहळू विसरले जातात. या नावाचं नेमकं तेच झालं.

दहा आज्ञांपैकी एक आज्ञा सांगते की देवाचं नाव उगाच घेऊ नका. या आज्ञेचा धाक इतका वाढला की लोकांनी नाव घेणंच सोडलं. परंपरेनुसार जेरुसलेमच्या मंदिरात मुख्य पुजारी वर्षातून एका दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, ते नाव मोठ्याने उच्चारायचा. दिवसभरात दहा वेळा. ऐकणारे लोक जमिनीवर पालथे पडायचे. इ.स. ७० मध्ये रोमन फौजेने मंदिर पाडलं आणि तेही संपलं.

तेव्हापासून प्रार्थनेत ते नाव समोर आलं की ज्यू माणूस ‘अदोनाय’ म्हणतो. अर्थ, माझा प्रभू. साध्या बोलण्यात तर तेवढंही नाही. तिथे म्हणतात ‘हाशेम’, म्हणजे नुसतं ‘ते नाव’. आपल्याकडे काही घरांत बाई नवऱ्याचं नाव न घेता ‘हे’ किंवा ‘इकडून’ म्हणायची, तसा काहीसा प्रकार. फरक एवढाच की इथे ज्याचं नाव टाळायचं तो देव आहे.

मराठी बायबलमुळे आपल्या ओळखीचा झालेला ‘यहोवा’ हा शब्दही याच गोंधळातून आला. वाचणाऱ्याला आठवण राहावी म्हणून लेखनिक त्या चार व्यंजनांना ‘अदोनाय’चे स्वर लावून ठेवायचे. इथे अदोनाय वाच, अशी ती खूण होती. बाहेरच्या लोकांनी खूण हाच उच्चार समजला.

दक्षता किती? हिब्रूत आकडे अक्षरांनी लिहितात. १५ लिहायला १० आणि ५ ची अक्षरं जोडली तर योद आणि हे येतात, म्हणजे नावाचा अर्धा भाग. म्हणून १५ हा आकडा ९ आणि ६ असा लिहितात. १६ सुद्धा ९ आणि ७ असा.

गंमत म्हणजे कोकणात ग्रंथ नसतानाही प्रायश्चित्ताचा तो दिवस टिकला होता. बेने इस्राएल त्याला दारफाळणीचा सण म्हणायचे. त्या दिवशी पांढरे कपडे घालायचे, उपास करायचा, दारं लावून घरात बसायचं आणि बाहेरच्या कुणाशी संबंध ठेवायचा नाही. मंदिरात ज्या दिवशी ते नाव घेतलं जायचं, त्याच दिवशी रायगडच्या गावांतली काही घरं दार लावून गप्प बसायची.

तेल्याचा मुलगा फौजेत जातो

अठराव्या शतकात चित्र बदलायला लागलं. मुंबई वाढत होती. ईस्ट इंडिया कंपनीला शिपाई हवे होते, गोदीत सुतार हवे होते. कोकणातून माणसं होड्यांनी मुंबईत येत होती. १७४६ च्या सुमारास बेने इस्राएलांमधलं पहिलं कुटुंब मुंबईत स्थायिक झालं असं मानतात. ते दिवेकरांचं.

घाण्यावरच्या या समाजाला कंपनीची फौज मानवली. पगार ठरलेला, बढतीची शक्यता आणि जातीची अडचण कमी. सामाजी आणि त्याचा भाऊ इसाजी दोघंही मुंबईच्या पलटणीत गेले आणि दोघांनीही अधिकाराच्या जागा मिळवल्या.

कोकणात शनवार तेली ही ओळख गावापुरती पुरायची. फौजेत मात्र सगळ्या जातीधर्मांची माणसं एकत्र. तू कोण, हा प्रश्न रोजचा. सामाजी दिसायला, बोलायला, कपड्यांनी कोकणातला मराठी माणूस. हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी नाही. मग कोण? उत्तर दोन शब्दांचं होतं, बेने इस्राएल. पण त्याचा अर्थ समजणारा माणूस समोर असायला हवा होता.

बेदनूर आणि टिपूची कैद

१७८० मध्ये इंग्रज आणि म्हैसूर यांच्यात दुसरं युद्ध सुरू झालं. डिसेंबर १७८२ मध्ये हैदर अली वारला आणि टिपू गादीवर आला. ही संधी साधून मुंबईची फौज जनरल मॅथ्यूजच्या हाताखाली आत घुसली आणि जानेवारी १७८३ मध्ये तिने बेदनूर घेतलं. बेदनूर म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यातलं नगर.

हा आनंद तीनच महिने टिकला. एप्रिलमध्ये टिपू मोठी फौज घेऊन आला, त्याने वेढा घातला आणि मॅथ्यूजला शरण यावं लागलं. इंग्रज अधिकारी आणि देशी शिपाई, दोन्ही कैदेत गेले. मॅथ्यूज कैदेतच मेला.

समाजाच्या आठवणीनुसार या युद्धात पकडल्या गेलेल्यांमध्ये दिवेकर होते. इथून पुढची गोष्ट बेने इस्राएल घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. सांगणाऱ्यागणिक तपशील थोडे बदलतात, पण गाभा एकच.

कैद्यांना मारायचं ठरलं होतं. त्याआधी प्रत्येकाची जातपात विचारली जात होती. सामाजीने सांगितलं की तो बेने इस्राएल आहे. विचारणाऱ्यांना हे नाव ओळखीचं वाटलं, कारण कुराणात ‘बनी इस्राईल’ हा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. कुराणातल्या सतराव्या सुरेचं एक नावच बनी इस्राईल आहे.

काहींच्या मते ही गोष्ट एका मौलवीने टिपूच्या कानावर घातली. जास्त प्रसिद्ध असलेल्या कथेत ती टिपूच्या आईपर्यंत पोहोचते. ज्या लोकांबद्दल आपण आयुष्यभर कुराणात वाचलं, त्यांच्यातला एक जिवंत माणूस आपल्या कैदेत आहे, याचं तिला आश्चर्य वाटलं. तिने मुलाकडे रदबदली केली आणि सामाजीचा जीव वाचला.

जरा थांबून विचार केला तर या कथेत काय घडलंय ते लक्षात येतं. सामाजीला हिब्रू ग्रंथ वाचता येत होते म्हणून तो सुटला नाही. तो कंपनीचा अधिकारी होता म्हणूनही नाही. त्याच्या समाजाने स्वतःसाठी एक नाव जपलं होतं आणि नेमकं तेच नाव समोरच्याच्या ग्रंथात होतं. शनवार तेली म्हणून सांगितलं असतं तर कुणाला काहीच कळलं नसतं.

कैदेतच सामाजीने नवस बोलला. जिवंत परत गेलो तर मुंबईत देवासाठी घर बांधीन.

मार्च १७८४ मध्ये मंगळूरचा तह झाला, युद्ध संपलं आणि कैदी सुटले. सामाजी मुंबईला परतला. मंदिर बांधायला मात्र लगेच जमलं नाही. बारा वर्षं गेली.

१७९६ : दयेचं दार

तोवर मुंबईतल्या बेने इस्राएलांना प्रार्थनेसाठी जागाच नव्हती. शमा म्हणायची ती घरात. धार्मिक कामं करायला काजी असायचे. त्यांची घराणी ठरलेली, झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर. डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यू प्रवाशाने कोकणात येऊन या तीन घरांतल्या तरुणांना धर्माचं शिक्षण दिलं, अशी परंपरा आहे. त्याने म्हणे बायकांसमोर वेगवेगळे मासे ठेवले. त्यांनी बिनखवल्यांचे मासे बाजूला काढले तेव्हा त्याची खात्री पटली की हे आपलेच लोक. हा रहाबी नेमका कधी आला यावर मतं वेगवेगळी आहेत. कुणी हजार वर्षांपूर्वीचा काळ सांगतं, कुणी अठरावं शतक.

१७९६ मध्ये सामाजीने स्वतःच्या पुढाकाराने मांडवीत सिनेगॉग उभं केलं. नाव ठेवलं शार हारहामीम.

आता हे नाव नीट बघा. ‘रहामीम’ म्हणजे दया. हिब्रू आणि अरबी या बहिणी भाषा. त्यामुळे हिब्रूतला रहामीम आणि अरबीतले रहमान, रहीम एकाच मुळातले. आपण ‘रहम करा’ म्हणतो तो रहम तोच. हिब्रूत आईच्या गर्भाशयाला ‘रेहेम’ म्हणतात, तोही याच मुळातला. टिपूच्या आईच्या शब्दाने वाचलेल्या माणसाने बांधलेल्या घराला हे नाव मिळालं. सिनेगॉगसाठी ते जगात इतरत्रही वापरलं जातं. पण इथे ते जास्तच चपखल बसतं.

आणि इथे ती चार अक्षरं परत येतात.

बायबलमध्ये देवाला अनेक नावं आहेत. ज्यू धर्मपंडितांनी फार पूर्वी एक नियम सांगितला. जिथे ‘एलोहीम’ हे नाव येतं तिथे देव न्यायाधीश आहे, हिशोब मागणारा आहे. जिथे चार अक्षरांचं नाव येतं तिथे देव दयाळू आहे. म्हणजे उच्चारता न येणारं ते नाव हे दयेचं नाव. दारफाळणीच्या दिवशी जगभरचे ज्यू देवाचे दयेचे तेरा गुण म्हणतात, त्यांची सुरुवात या नावानेच होते, तेही दोनदा.

नावातून देवाकडे जायचा रस्ता

ज्यूंमधल्या गूढवाद्यांनी, म्हणजे कब्बाला मानणाऱ्यांनी, याच्याही पुढची मजल मारली. कब्बालाची मोठी भरभराट तेराव्या शतकात स्पेनमध्ये झाली. ‘जोहार’ हा तिचा मुख्य ग्रंथ तिथलाच. सोळाव्या शतकात गॅलिलीमधल्या सफेद गावात आयझॅक लुरिया या गुरूने तिला नवं वळण दिलं.

कब्बाला मानणाऱ्यांना देवाचं नाव हे फक्त हाक मारायचं साधन वाटत नाही. त्यांच्या मते सगळी सृष्टी अक्षरांतून झाली आणि त्या अक्षरांच्या मुळाशी हे नाव आहे. चार अक्षरं म्हणजे सृष्टीच्या चार पायऱ्या. आपल्याकडे ओंकारातल्या अ, उ, म या मात्रांवर जसं चिंतन केलं जातं, तसं ते या चार अक्षरांवर करतात. डोळे मिटायचे आणि अक्षरं मनात उभी करायची. ओठ हलवायचे नाहीत.

अब्राहम अबुलाफिया या १२४० मध्ये स्पेनमध्ये जन्मलेल्या गूढवाद्याने तर नावाची अक्षरं उलटसुलट जुळवायची, त्यांना श्वासाची आणि डोक्याच्या हालचालींची जोड द्यायची अशी पद्धतच लिहून ठेवली. ती वाचणाऱ्या अभ्यासकांना भारतातल्या योगाची आठवण झाली.

अक्षरांना आकडे असल्यामुळे हिशोबही आला. योद १०, हे ५, वाव ६ आणि परत हे ५. बेरीज २६. शमाच्या पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द ‘एहाद’ म्हणजे एक. त्याची बेरीज १३. प्रेमासाठीचा हिब्रू शब्द ‘अहावा’, त्याचीही बेरीज १३. दोन्ही मिळून २६. म्हणजे एकत्व आणि प्रेम मिळून देवाचं नाव होतं, असा अर्थ कब्बाला मानणारे लावतात.

आणखी एक गोष्ट. हाताने लिहिलेल्या धर्मग्रंथात शमाच्या पहिल्या ओळीतली दोन अक्षरं मुद्दाम मोठी काढतात. पहिल्या शब्दाचं शेवटचं आणि शेवटच्या शब्दाचं शेवटचं. ती दोन अक्षरं जोडली की ‘एद’ शब्द होतो. अर्थ, साक्षीदार. ही ओळ म्हणणारा माणूस साक्ष देत असतो, असं मानतात.

ओळ ऐकायला एवढीशी, पण तिच्यात एवढं सगळं भरलेलं. कोकणातल्या तेल्यांना यातला हिशोब माहीत नव्हता, जोहार माहीत नव्हता. तरी सगळं हरवलं तेव्हा त्यांनी धरून ठेवलेली ओळ हीच निघाली.

कोचीनचा शेवटचा प्रवास

सिनेगॉगची इमारत झाली, पण सिनेगॉगचा खरा जीव असतो ‘सेफर तोरा’. म्हणजे चामड्याच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेला मोशेचा पंचग्रंथ. त्यात ३ लाख ४ हजार ८०५ अक्षरं असतात. एक जरी चुकलं तरी ती गुंडाळी दुरुस्त होईपर्यंत वाचनाला चालत नाही.

त्यातही देवाच्या नावाचे नियम सगळ्यात कडक. लेखनिकाने नाव लिहिण्याआधी ते देवाचं नाव म्हणून लिहितोय असा संकल्प करायचा. लिहिताना मध्ये कुणाशी बोलायचं नाही. साधा शब्द चुकला तर खरवडून दुरुस्त करता येतो. पण एकदा लिहिलेलं नाव खोडायचं नाही. तिथे चूक झाली तर ते अख्खं चामडं बाजूला काढून ठेवायचं आणि पुढे जमिनीत पुरायचं, माणसाला पुरतात तसं.

मुंबईतल्या बेने इस्राएलांमध्ये असं काम करणारं कुणी नव्हतं. ही परंपरा जपलेले सगळ्यात जवळचे ज्यू होते कोचीनला. तिथलं परदेशी सिनेगॉग १५६८ चं. तिथे कब्बालाही रुजलेली होती. नेहेमिया मोटा हा कब्बाला जाणणारा कवी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे वारला. त्याच्या कबरीवर ज्यूंबरोबर हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती लोकही दिवे लावायला यायचे.

सामाजी सेफर तोरा आणण्यासाठी कोचीनला गेला. १७९७ मध्ये तिथेच त्याचा मृत्यू झाला. मंदिर उभं राहून जेमतेम वर्ष झालं होतं.

ज्याने आयुष्यभर ते नाव फक्त ऐकलं आणि आठवणीतून म्हटलं, तो माणूस ते लिहिलेल्या रूपात मुंबईत आणायला निघाला होता. परत आला नाही.

त्याच्यानंतर

पण दार उघडलं होतं. सामाजीनंतर कोचीनहून शिक्षक मुंबईत येत राहिले. त्यांच्यापैकी शलोमो शुर्राबीने एका पिढीला प्रार्थना शिकवल्या. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतलं, धर्म मात्र आपलाच ठेवला. पुढे जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली आणि मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षक झाले. शनवार तेल्यांचा नातू हिब्रूचे पेपर तपासू लागला.

कब्बालाही महाराष्ट्रात पोहोचली, आणि लगेच वादही झाला. १८८० च्या दशकात पुण्यातल्या ए. डी. इझिकिएल या बगदादी ज्यूने जोहारमधल्या ‘इद्रा झुटा’ या भागाचं ज्यूंच्या अरबी बोलीत भाषांतर छापलं. बगदादच्या धर्मगुरूंनी त्याला कडाडून विरोध केला. इतकं गूढ ज्ञान सगळ्यांच्या हातात द्यायचं नसतं, हा त्यांचा मुद्दा.

सामाजीचं सिनेगॉग १८६० मध्ये सध्याच्या जागी आलं. सॅम्युअल स्ट्रीट हे रस्त्याचं नाव त्याच्यावरूनच पडलं असं सांगतात. जवळच इस्राएल मोहल्ला आहे. १८४० च्या दशकात दुसरं सिनेगॉग झालं, त्याला ‘नवी मशीद’ म्हणायला लागले आणि सामाजीची ‘जुनी मशीद’ झाली. मग अलिबाग, पनवेल, पेण, ठाणे अशी सिनेगॉगं होत गेली. ठाण्याचं ‘शार हाशमाईम’, म्हणजे स्वर्गाचं दार, १८७९ चं.

१९४८ मध्ये इस्राएल देश झाला आणि समाजातले बहुतेक लोक हळूहळू तिकडे गेले. तिथे त्यांना सामाजीचाच प्रश्न परत विचारला गेला. तुम्ही कोण? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या लग्नांबाबत शंका काढल्या. पूर्वजांची तपासणी व्हावी म्हणून फर्मान निघालं. समाज रस्त्यावर उतरला, आंदोलनं झाली. शेवटी १९६४ मध्ये ते पूर्णपणे ज्यू असल्याचं मान्य झालं. टिपूच्या कैदेत जे नाव ओळख म्हणून पुरलं होतं, ते स्वतःच्याच धर्मपीठापुढे पुरायला आंदोलन करावं लागलं.

आज भारतात ज्यूंची संख्या काही हजारांवर आली आहे आणि त्यातले बरेच मुंबई, ठाणे, रायगड परिसरात राहतात. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

त्यांच्यापैकी कुणाच्या घरी गेलात तर दाराच्या उजव्या चौकटीवर तिरकी लावलेली एक छोटी डबी दिसेल. तिला ‘मेझुझा’ म्हणतात. आत चामड्याच्या तुकड्यावर तीच शमा हाताने लिहिलेली असते आणि तिच्यात ती चार अक्षरं. येता-जाता माणसं तिला हात लावून बोटं ओठांना टेकवतात.

पुढच्या वेळी स्लो लोकलने जात असाल आणि हातात अर्धा तास असेल तर मस्जिदला उतरा. मसाल्यांचा, लोखंडाचा, हमालांचा तो गजबजलेला बाजार ओलांडून सॅम्युअल स्ट्रीटवर या. कोकणातल्या एका मराठी माणसाने फेडलेला नवस तिथे उभा आहे. आत आजही प्रार्थना होते. पुस्तकात ती चार अक्षरं समोर येतात, आणि वाचणारा ‘अदोनाय’ म्हणून पुढे जातो.